वर्कशॉपच्या दारात बरी होणारी गाडी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात सहा माणसं, त्यात दोन लहान मुलं आणि गुडघ्यांमुळे फार चालता न येणारी आई. गाडी एकच, ऑटोमॅटिक, पावणेतीन वर्षांची. रहदारीत अर्धा-पाऊण तास रांगत गेलं की ती हिसके देते. चार वेळा तर बाजूच्या रस्त्यावरून मोठ्या रस्त्याला लागताना अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही दोन-तीन सेकंद गाडी उचललीच नाही. बंद करून पुन्हा चालू केली की सगळं ठीक. आता स्क्रीनही मधूनच बंद होऊन चालू होतो आणि दोनदा सकाळी बॅटरी उतरलेली निघाली. अधिकृत सर्व्हिस सेंटरला सात फेऱ्या झाल्या, सातही वेळा ‘दोष आढळला नाही’. कंपनीच्या ग्राहक सेवेकडून दर वेळी तोच मजकूर येतो आणि तक्रार बंद होते. वॉरंटीचे तीन महिने उरलेत. विकू, ठेवू की भांडू?

मी या धंद्यात २४ वर्षं आहे. पहिली ११ वर्षं एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये काढली, आधी गाडीखाली आणि मग वॉरंटी क्लेमच्या टेबलावर. त्यानंतर स्वतःचं वर्कशॉप. तुमच्यासारखी गाडी घेऊन, वैतागून, जवळजवळ रडकुंडीला आलेले लोक माझ्याकडे नेहमी येतात, आणि टेबलाच्या पलीकडे काय चालतं तेही मी पाहिलेलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उत्तर सांगून टाकतो. आत्ता विकू नका. हे तीन महिने तुमच्या हातातला सगळ्यात मोलाचा काळ आहे. पण आठवी फेरी आधीच्या सातांसारखी मारलीत तर ती वाया जाईल.

त्याआधी सुरक्षिततेचं. भर रहदारीत शिरताना गाडीने ओढ सोडणं हा साधा त्रास नाही. दोष सापडेपर्यंत मोठ्या रस्त्याला लागताना मागून येणाऱ्या गाडीचं अंतर नेहमीच्या दुप्पट असल्याशिवाय पुढे जाऊ नका आणि शक्य असेल तर सिग्नल असलेलाच चौक निवडा. पुन्हा तसं झालं तर हॅझर्ड लाइट लावा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा, चालत्या वेगात कडेला या. पेडल पंपासारखं दाबत राहू नका. एका महिन्यात दुसऱ्यांदा झालं तर मुलांना आणि आईंना त्या गाडीत बसवणं थांबवा आणि गाडी टो करून न्या. चालवत नेऊ नका. टोचा कागद पुढे कामाला येतो, त्याबद्दल खाली सांगतो.

आता गाडीकडे वळू.

गिअरबॉक्स कोणत्या प्रकारचा आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण लक्षणं ड्राय ड्युअल क्लचची वाटतात. या गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात, एक १-३-५ या गिअरांसाठी आणि दुसरा २-४-६ साठी. क्लच दाबणं-सोडणं आपल्याऐवजी कॉम्प्युटर करतो. मोकळ्या रस्त्यावर हा गिअरबॉक्स फार छान चालतो. मात्र रांगत्या रहदारीत तो सतत हाफ क्लचवर असतो, आणि प्लेटा कोरड्या असल्यामुळे उष्णता वाहून न्यायला तेल नसतं. प्लेट तापते, तिचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि क्लच नेमका कुठे पकडतो याचा कॉम्प्युटरने लक्षात ठेवलेला बिंदू प्रत्यक्षाशी जुळेनासा होतो. तिथे हिसके सुरू होतात. तापमान आणखी वाढलं की गिअरबॉक्स स्वतःला वाचवायला क्लच सोडून देतो. तुमचे ते दोन-तीन सेकंद बहुधा हेच असावेत. कडेला थांबून, बंद करून, चालू करेपर्यंत प्लेट थोडी निवते, म्हणून ‘सगळं ठीक’.

सर्व्हिस सेंटरला गाडी सकाळी जाते. रात्रभर उभी असलेली, थंड. टेक्निशियन मोकळ्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर फिरवून आणतो. त्याला दोष दिसणार कसा? तो खोटं बोलत नाही. त्याने चालवली तेव्हा गाडी खरंच चांगली होती.

दुसरी शक्यता मी मुद्दाम लिहितोय, कारण स्क्रीन आणि बॅटरीची तक्रार या चित्रात बसत नाही. आजच्या गाडीत कितीतरी छोटे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत असतात. बॅटरी किंवा अर्थिंग (बॅटरीचं निगेटिव्ह टोक गाडीच्या धातूला जोडणारी केबल) कमजोर असेल तर व्होल्टेज क्षणभर खाली येतं आणि प्रत्येक जण आपापली वेगळी तक्रार नोंदवतो. गिअरबॉक्सही त्यातलाच. अशा वेळी हजारो रुपयांचे सुटे भाग बदलले जातात आणि दोष निघतो एका सैल नटात. म्हणून बॅटरी आधी तपासायची, नेहमीच.

साध्या मल्टिमीटरने हे घरी करता येतं. गाडी पाच-सहा तास उभी असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट असले तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. स्टार्टर फिरताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी थकली आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७ दिसायला हवं. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो, त्यामुळे मधूनच कमी आकडा दिसला म्हणून लगेच अल्टरनेटरला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या भागाला, दोष देऊ नका. मग एक टेस्ट अशी करा जी फार कमी लोक करतात: मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. त्या क्षणी ०.२ व्होल्टपेक्षा बराच जास्त आकडा आला तर अर्थची केबल किंवा तिची जोडणी खराब आहे.

रात्रीत बॅटरी उतरते म्हणजे गाडी झोपत नाही. लॉक केल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सगळे कॉम्प्युटर झोपले पाहिजेत आणि वीज ओढली जाणं साधारण ०.०५ अँपिअरच्या आत यायला हवं. एखादा जागाच राहिला आणि अर्धा अँपिअर ओढत बसला तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात. ६० अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत रिकामी, आणि आधीच अर्धी असेल तर दोन-तीन दिवसांत. तुम्ही बाहेरून काही बसवलंय का हे प्रामाणिकपणे आठवा: डॅशकॅम, जास्तीचे दिवे, मागचा कॅमेरा, मोठा हॉर्न. असेल तर पुढच्या फेरीआधी स्वतः काढून टाका आणि चार दिवस गाडी तशीच वापरा. बाहेरची एक वायर दिसली की वॉरंटीच्या टेबलावर पहिलं बोट तिच्याकडे जातं. मी स्वतः ते बोट दाखवलेलं आहे, आणि काही वेळा ते बरोबरही होतं.

आता टेबलाच्या पलीकडची गोष्ट, कारण तुमच्या सात फेऱ्या तिथेच अडकल्या आहेत.

वॉरंटीतल्या दुरुस्तीचे पैसे सर्व्हिस सेंटरला कंपनी देते आणि प्रत्येक कामाला ठरलेला वेळ असतो. अमुक पार्ट बदलायला इतके तास, तेवढेच पैसे. दोष शोधायला लागलेला वेळ मात्र त्यात धड मोजला जात नाही. टेक्निशियनने तीन तास घालवून एक तुटकी वायर शोधली तरी मजुरी मिळते एका वायरच्या जोडणीची. शिवाय फॉल्ट कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा क्रमांक) नसताना पार्ट बदलला तर क्लेम परत येऊ शकतो. जुना पार्ट कंपनी मागवून घेते, तपासते, त्यात दोष निघाला नाही तर पैसे कापून घेते. त्यामुळे कोड नाही, लक्षण दिसलं नाही, अशा गाडीला हात लावायला सर्व्हिस सेंटर घाबरतं. ‘दोष आढळला नाही’ याचा अर्थ पुष्कळदा ‘क्लेम पास होईल असं काही आमच्या हाती लागलं नाही’ इतकाच असतो. हे योग्य आहे असं मी म्हणत नाही, आणि मला त्याची चीड आहे. पण हे कळलं की आपण काय घेऊन जायचं ते कळतं. त्यांच्या हातात क्लेम पास होण्याजोगा पुरावा द्यायचा.

यातला सगळ्यात महत्त्वाचा कागद जॉबकार्ड, म्हणजे गाडी आत घेताना तुमची तक्रार ज्यावर लिहितात तो. इथे मला माझीच एक चूक सांगायची आहे.

टेबलावर असताना एक बाई आल्या होत्या. त्यांचं बोलणं मला अजून शब्दशः आठवतं: “चौकात वळताना गाडी मेली. मागून ट्रक येत होता. मुलगी मागच्या सीटवर होती.” माझ्यासमोर कॉम्प्युटरवर तक्रारींची तयार यादी होती. मी त्यातून ‘पिकअप कमी, तपासणे’ निवडलं आणि सही घेतली. गाडीखालच्या माणसाला ट्रकही दिसला नाही आणि मुलगीही. त्याने एअर फिल्टर साफ केला, फेरी मारली, ‘ओके’ लिहिलं. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी आमच्यातल्या एका जुन्या टेक्निशियनने त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, टाकीत पेट्रोल किती होतं? त्या म्हणाल्या, दर वेळी थोडंच होतं आणि दर वेळी दुपार होती. त्याने मागची सीट उचलली, फ्यूल पंपाचा कनेक्टर काढला. चारपैकी एका पिनभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी पडून मऊ झालं होतं. पिन सैल होती. टाकी रिकामी होत आली की पंप जास्त तापायचा, पिन तापून पकड सोडायची आणि पंप थांबायचा. थंड झाली की पुन्हा चिकटायची. पहिल्या दिवशी मी त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिले असते तर बहुधा पहिल्याच दिवशी सीट उचलली गेली असती.

म्हणून जॉबकार्डवर तुमचेच शब्द आले पाहिजेत. अ‍ॅडव्हायझर टाइप करत असेल तेव्हा स्क्रीन बघा. ‘जर्किंग’ एवढ्यावर सही करू नका. असं लिहून घ्या: ‘४० मिनिटं हळू रहदारीत चालवल्यावर, एसी चालू, थोडा चढ, मोठ्या रस्त्याला लागताना अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही गाडी सुमारे ३ सेकंद पुढे जात नाही. मागून येणारं वाहन धडकण्याचा धोका. आतापर्यंत ४ वेळा.’ जागा नाही म्हणाले तर कागदावर लिहून न्या, जॉबकार्डला जोडा आणि पोच घ्या.

धोक्याचा शब्द का आग्रहाने लिहायचा, ते एका मोठ्या प्रकरणावरून सांगतो. जनरल मोटर्सने २०१४ साली इग्निशन स्विचच्या दोषासाठी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. स्विच चालत्या गाडीत आपोआप सरकायचा, इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही फुगायची नाही. नुकसानभरपाई निधीने १२४ मृत्यू या दोषाशी जोडलेले मान्य केले. कंपनीत गाड्या बंद पडण्याच्या तक्रारी कितीतरी आधीपासून येत होत्या, पण तिथे त्यांची गणना सुरक्षेच्या प्रश्नात झाली नाही, ग्राहकाच्या गैरसोयीत झाली. शिवाय २००६ मध्ये स्विच गुपचूप सुधारला गेला पण पार्ट नंबर तोच राहिला, त्यामुळे जुने-नवे स्विच वेगळे ओळखायला तपास करणाऱ्यांना वर्षं लागली. तक्रार कोणत्या खणात पडते यावर तिचं पुढे काय होतं ते ठरतं. तुमची तक्रार गैरसोयीच्या खणात पडू देऊ नका.

आणि ‘तुमच्या चालवण्याच्या पद्धतीमुळे होतंय’ हे तुम्हाला सांगितलं गेलंय असं तुम्ही लिहिलंय. हे वाक्य ऐकून गप्प बसू नका. फोकस, फिएस्टा आणि इकोस्पोर्ट या गाड्यांच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्समधली थरथर चालकांमुळे होते, असं फोर्डने ऑस्ट्रेलियात ग्राहकांना सांगितलं होतं, आणि गिअरबॉक्समध्ये मूळ दोष असल्याचं कंपनीला तेव्हा माहीत होतं. २०१८ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने त्याबद्दल १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. फोक्सवॅगनने २०१३ मध्ये जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांच्या सात गिअरच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल बदलून मिनरल तेल घालायचं ठरवलं, कारण उष्ण-दमट हवा आणि सतत थांबत-चालत वापर यांत त्या तेलामुळे विजेचा दोष येऊन गाडीची ओढ जाऊ शकत होती. थांबत-चालत वापर हा गाडीचा सर्वसाधारण वापर आहे. तो सहन होत नसेल तर दोष रचनेत आहे, चालकात नाही.

तरी गाडी सांभाळायला म्हणून सांगतो: रहदारीत पुढच्या गाडीला चिकटून इंच-इंच सरकू नका. दोन गाड्यांची जागा होऊ द्या आणि मग एकदम पुढे जा. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक वापरा. क्लच कमी तापेल.

पुरावा गोळा करायला फार काही लागत नाही. एक वही. तारीख, किलोमीटर, किती वेळ चालवली होती, ऊन की पाऊस, एसी, चढ की सपाट, पेट्रोल किती, आणि नेमकं काय झालं. सहा-सात नोंदी झाल्या की दोषाचा स्वभाव कळू लागतो. ऊन आणि रांग असेल तेव्हाच होत असेल तर क्लच. खड्ड्यातून जाताना, वळताना किंवा पावसात होत असेल तर वायरिंग. त्याच क्षणी स्क्रीनही गेला तर वीजपुरवठा. व्हिडिओही हवा, पण तो शेजारी बसलेल्याने काढायचा आणि त्यात स्पीडोमीटर, टॅकोमीटर (इंजिनचे फेरे दाखवणारा काटा) आणि पेडलवरचा पाय, तिन्ही दिसायला हवेत. नुसता रस्ता दाखवणारा व्हिडिओ कुणाच्या उपयोगाचा नाही.

दुसरं, डॅशबोर्डखालच्या १६ पिनच्या सॉकेटला लावायचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर घ्या. हा सॉकेट अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपातल्या पेट्रोल गाड्यांना २००१ पासून सक्तीचा आहे, त्यामुळे तुमच्या गाडीत तो असणारच. कोड वाचा, फोनवर स्क्रीनशॉट काढा, आणि हे लक्षात ठेवा की कोड पुसायचा नाही. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम नावाची नोंद असते, म्हणजे दोष आला त्या क्षणाचा फोटो: इंजिनचे फेरे, वेग, तापमान, इंजिनवरचा भार. कोड पुसला की तीही जाते. बॅटरीची वायर काढली तरी बहुधा जाते. पुष्कळ लोक डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा घालवायला शेजारच्या गॅरेजात कोड पुसून घेतात आणि मग सर्व्हिस सेंटरला रिकामी पाटी घेऊन पोचतात. ‘पेंडिंग’ असं लिहिलेला कोडही टिपून ठेवा. काही दोष सलग दोन प्रवासांत दिसल्याशिवाय दिवा लावत नाहीत, पण पेंडिंगमध्ये त्यांची चाहूल असते. साधा स्कॅनर गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमधले सगळे कोड दाखवेलच असं नाही, त्यासाठी कंपनीचंच यंत्र लागतं. म्हणून आठव्या फेरीत ‘सर्व मॉड्यूल्सचा (म्हणजे गाडीतल्या सगळ्या छोट्या कॉम्प्युटरांचा) स्कॅन रिपोर्ट, छापील’ मागा.

आठवी फेरी दुपारी मारा. आधी अर्धा-पाऊण तास रहदारीतून गाडी तापवा आणि तशीच आत घेऊन जा. ‘माझ्यासोबत टेक्निशियन बसू द्या, लॅपटॉप जोडून’ अशी मागणी करा आणि तीही जॉबकार्डवर लिहून घ्या. ते ‘सॉफ्टवेअर अपडेट केलं’ किंवा ‘अ‍ॅडॅप्टेशन केलं’ म्हणाले तर तेव्हाचे किलोमीटर वहीत लिहा. अ‍ॅडॅप्टेशन म्हणजे क्लच कुठे पकडतो ते कॉम्प्युटरला नव्याने शिकवणं. त्यानंतर गाडी काही दिवस सुंदर चालते आणि मग तीच तक्रार परत येते. ३०० किलोमीटरवर आली, पुढच्या वेळी २०० वर आली, असं दिसलं तर क्लच झिजलाय याचा तो चांगला पुरावा आहे. तुमच्या सात फेऱ्यांपैकी तीनदा ‘अपडेट’ केल्याचं तुम्ही लिहिलंय. त्या बिलांवरचे किलोमीटर आजच एका कागदावर मांडा.

गाडी परत घेताना ‘दोष आढळला नाही’ असं लिहिलं असेल तर तेही लेखी घ्या, टेस्ट ड्राइव्ह किती किलोमीटर झाली ते त्यात असू द्या. नुसतं तोंडी ‘ओके आहे साहेब’ नको. गाडी सर्व्हिस सेंटरमध्ये किती दिवस राहिली हे आत आल्याच्या आणि बाहेर पडल्याच्या तारखांवरून मोजता यायला हवं. कायदे देशागणिक वेगळे आहेत, पण बहुतेक ठिकाणी मोजणी फेऱ्यांची आणि दिवसांची असते. अमेरिकेत सदोष गाड्यांसाठीचा पहिला राज्य कायदा कनेक्टिकटने १९८२ मध्ये केला. कॅलिफोर्नियात पहिल्या १८ महिन्यांत किंवा १८,००० मैलांत एकाच दोषासाठी चार प्रयत्न, जिवाला धोका असलेल्या दोषासाठी दोन, किंवा एकूण ३० हून जास्त दिवस गाडी वर्कशॉपमध्ये, यांपैकी काहीही झालं तरी कंपनीला पुरेशी संधी मिळाली असं धरलं जातं. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यात विक्रेत्याला दुरुस्तीची एकच संधी मिळते, ती फसली की ग्राहक गाडी नाकारू शकतो किंवा किंमत कमी करून मागू शकतो. टोचा कागद जपायला सांगितलं ते यासाठीच: गाडी चालवण्याजोगी नव्हती, हे तो सांगतो.

मग कंपनीला पत्र. ग्राहक सेवेच्या फोनवर बोलणाऱ्या मुलाच्या हातात काही नसतं, त्याच्यावर ओरडून उपयोग नाही. पत्र नोंदणीकृत पत्त्यावर आणि ईमेलनेही, एका पानात. माझ्याकडे येणाऱ्यांना मी साधारण असं लिहायला सांगतो:

‘माझ्या गाडीचा (१७ अक्षरी चॅसिस क्रमांक) खालील दोष वॉरंटीच्या काळात सात वेळा नोंदवला आहे, जॉबकार्ड सोबत जोडली आहेत. चालू रहदारीत गाडीची ओढ जाते, त्यामुळे अपघाताचा धोका आहे. गाडी एकूण इतके दिवस सर्व्हिस सेंटरमध्ये होती. माझी मागणी: आपल्या तांत्रिक विभागाच्या अभियंत्याने माझ्या उपस्थितीत, तापलेल्या अवस्थेत गाडी तपासावी, कारण लेखी कळवावं आणि या तारखेपर्यंत दुरुस्ती करावी. या मॉडेलसाठी याच लक्षणावर आपण सर्व्हिस सेंटरांना काही तांत्रिक सूचना दिली असल्यास ती माझ्या गाडीला लागू आहे का, ते कळवावं. दोष वॉरंटीत नोंदवलेला असल्याने वॉरंटी संपल्यानंतरही तो त्याखालीच धरला जाईल, याची पुष्टी द्यावी.’

शेवटची दोन वाक्यं कधीही वगळू नका. कंपन्या ठरावीक दोषांवर सर्व्हिस सेंटरांना तांत्रिक पत्रकं पाठवतात. ग्राहकाला ती आपणहून दाखवली जात नाहीत, विचारल्यावर मात्र ‘नाही’ असं खोटं लेखी देणं अवघड जातं. पुष्टीचं वाक्य तर तुमच्यासाठी सगळ्यात गरजेचं, कारण तीन महिन्यांनी ‘वॉरंटी संपली’ हे पहिलं उत्तर येणार. रागाची विशेषणं पत्रात नकोत. तारखा असू द्या, किलोमीटर असू द्या. उत्तर आलं नाही तर हेच पत्र आणि हाच पुरावा ग्राहक न्यायालयात किंवा वाहन सुरक्षेच्या सरकारी विभागाकडे जातो, नव्याने काही लिहावं लागत नाही.

वाढीव वॉरंटीबद्दल: घ्यायला हरकत नाही, पण आधी वगळलेल्या भागांची यादी वाचा. क्लच प्लेट ‘झिजणारा भाग’ म्हणून बऱ्याचदा बाहेर असते, आणि तुमचा प्रश्न तिथेच असेल तर ती वॉरंटी तुमच्या कामाची नाही.

विकण्याचा विचार मला समजतो. थकवा येतो, घरात वाद होतात. वॉरंटी संपेपर्यंत कारण सापडलं नाही, कंपनीने अभियंता पाठवला नाही आणि ओढ जाणं सुरूच राहिलं, तर मी स्वतः ती गाडी माझ्या घरच्यांसाठी ठेवणार नाही. तेव्हा विका, पण जॉबकार्डांसकट. घेणाऱ्याला सगळं सांगून. कमी पैसे येतील. गुपचूप विकलीत तर त्याच चौकात त्याच तीन सेकंदांसाठी दुसऱ्या कुणाची मुलं मागच्या सीटवर असतील, आणि हे मी विनवून सांगतोय.

मला एका गोष्टीचं उत्तर हवं आहे, ते मिळालं तर पुढचं बरंच नेमकं सांगता येईल. गाडी उचलत नाही त्या क्षणी टॅकोमीटरची सुई वर जाते की जागीच राहते? इंजिनचा आवाज वाढून सुई वर गेली आणि वेग तसाच राहिला, तर इंजिन काम करतंय आणि क्लच सुटतोय. पेडल दाबूनही सुई हललीच नाही, तर गिअरबॉक्स बाजूला ठेवा. मग पेडलचा सेन्सर, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) आणि त्यांच्या वायरिंगकडे बघावं लागेल. ते कुणाला तरी शेजारी बसवून बघा, तुम्ही नजर रस्त्यावर ठेवा. आणि रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीचा आकडा घेऊन ठेवा, सकाळी दार उघडायच्या आधी बॉनेट उघडून. दार उघडलं की गाडीतले कॉम्प्युटर जागे होतात आणि आकडा खाली येतो. त्यासाठी बॉनेटचा खटका आदल्या रात्रीच सोडून ठेवावा लागेल.